निकोचा उजवा पाय

एकच पाय! दोन नव्हे, एक. हल्ली मी भेटेल त्याला हे सांगत सुटलोय, आणि समोरचा माणूस "कुणाचा?" असं विचारेपर्यंत इयरफोन त्याच्या कानात गेलेला असतो. शाळेच्या स्टाफरूममध्ये हे झालं, सावेडीतल्या दूधवाल्याकडे झालं, माळीवाडा स्टँडवर पाथर्डीच्या एसटीची वाट बघताना शेजारी उभ्या असलेल्या एका हवालदारसाहेबांनाही ऐकवून झालं. साहेबांनी इयरफोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "डीजेला परवानगी नाही." साहेब, हा डीजे नाही हो, हा निको मॅकब्रेन आहे!

याला जबाबदार माझी भाची. पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत आली ती काळा टी-शर्ट घालून, त्यावर दात विचकलेला सांगाडा. तिच्या मामीनं देवघराकडे बघत हात जोडले. मी तबल्याच्या एक-दोन परीक्षा दिलेला माणूस, म्हणजे काही येत नाही पण ठेका चुकला की कळतं, या बेतानं घरात माझा मान. तर ती म्हणाली, "मामा, तुम्ही गाणं समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका. गिटार सोडा, तो ओरडतोय तेही सोडा. नुसता खालचा घुमारा धरा. तो पाय आहे. एकच पाय."

गाणं होतं आयर्न मेडन या इंग्लिश बँडचं, 'व्हेअर ईगल्स डेअर'. १९८३ च्या 'पीस ऑफ माइंड' या अल्बममधलं पहिलंच. सुरुवातीला ड्रमवर एक आखूड, भरीव उठाण, आणि मग ती खालची पंगत सुरू होते : तकिट, तकिट, तकिट. वर उजवा हात सिंबलवर चालतोय, डावा हात स्नेअरवर मोजून थापा देतोय, आणि खाली हे घुमारे असे गच्च आणि तरीही सुटे सुटे पडताहेत की मी बोटांवर मोजायला लागलो आणि बोटं मागे पडली. मी म्हटलं, दोन माणसं बसलीत का? भाची हसली. तिनं व्हिडिओ काढला. ढोलकी, डग्गा, ताशे सगळे एका मांडवात गोळा केल्यासारखा तो पसारा, त्यामागे माणूस जवळजवळ दिसतच नाही, आणि कॅमेरा खाली जातो तर काय, अनवाणी! बूट नाही, मोजे नाहीत. देवळात बसल्यासारखा अनवाणी पाय, खाली लोखंडी पेडल आणि समोर मोठा बेस ड्रम.

याची गंमत कळायला यंत्र समजून घ्यावं लागतं, आणि ते समजल्यावर मला झोप आली नाही. बेस ड्रम जमिनीवर आडवा ठेवलेला असतो. पेडल पायानं दाबलं की त्याच्या वरच्या टोकाला असलेला गोळा कातड्यावर आदळतो, पाय सैल सोडला की स्प्रिंग त्याला मागं ओढते. म्हणजे प्रत्येक ठोक्यासाठी दाबणं आणि सोडणं अशी दोन कामं, आणि वेग वाढवायचा तर सोडण्याला वेळच उरत नाही. म्हणून मेटल वाजवणारे बहुतेक ड्रमर दोन बेस ड्रम ठेवतात किंवा जोडपेडल लावतात, म्हणजे दांड्यानं जोडलेलं दुसरं पेडल डाव्या पायाखाली येतं आणि काम वाटून घेतलं जातं. निको वाटून घेत नाही! उभ्या कारकिर्दीत मेडनच्या रेकॉर्डवर त्यानं जोडपेडल वापरलेलं गाणं भाचीच्या मते एकच, २००३ च्या 'डान्स ऑफ डेथ'मधलं 'फेस इन द सँड'. बाकी सगळं त्या एका उजव्या पायावर.

मेडनची जी प्रसिद्ध दौड आहे, ज्याला ते लोक घोड्याची चाल म्हणतात, ती मला सरळ 'धा तिट, धा तिट' अशी ऐकू येते. एक लांब, दोन आखूड. आपल्याकडे दुर्गाष्टमीला मोहटादेवीच्या डोंगरावर गोंधळ रंगात आला की संबळावर अशीच चाल धरतात. माझं आजोळ तिथून जवळच, त्यामुळे ती चाल माझ्या अंगात आहे. चाळीस वर्षं मला कुणी सांगितलं नाही की लंडनचा एक माणूस तीच चाल पन्नास हजार लोकांपुढे वाजवतोय.

मग माणूस कोण, याचा शोध सुरू केला. मायकेल हेन्री मॅकब्रेन, जन्म ५ जून १९५२, लंडनमधल्या हॅक्नीत. 'निको' हे नाव कुठून आलं? लहानपणच्या निकोलस नावाच्या खेळण्यातल्या अस्वलावरून! काळ्या कपड्यांच्या, भुताखेतांच्या, नरकाबिरकाच्या गाण्यांचा ढोलिया, आणि नाव अस्वलाचं. मला हा माणूस तिथेच आवडला.

दहा-एक वर्षांचा असताना त्यानं टीव्हीवर डेव्ह ब्रुबेक यांची जॅझ चौकडी बघितली. ड्रमवर होते जो मोरेलो. बस्स. दुसऱ्या दिवसापासून आईची भांडी, स्वयंपाकघरातले डबे आणि हाताला लागेल ते बडवायला सुरुवात. शेवटी आईबापांनी भांड्यांच्या काळजीनं म्हणा की पोराच्या, खराखुरा ड्रमसेट घेऊन दिला. पुढे पबमध्ये, लग्नांत, मिळेल तिथे वाजवणं, मग स्ट्रीटवॉकर्स, पॅट ट्रॅव्हर्स, फ्रान्सचा ट्रस्ट बँड आणि डिसेंबर १९८२ मध्ये आयर्न मेडन. हा सगळा भाग मी भराभर वाचला, कारण माझं मन मोरेलोंवर अडकलं होतं.

जो मोरेलो! जन्मापासून नजर अधू. लहानपणी व्हायोलिन शिकले, नऊ वर्षांचे असताना बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर एकल वाजवलं, आणि पंधराव्या वर्षी यशा हायफेट्झ या व्हायोलिनच्या बादशहाला ऐकून ठरवलं की असं आपल्याला कधी जमणार नाही, आपण ड्रमकडे वळू. आणि वळून काय केलं? 'टेक फाइव्ह'. १९५९ चं, पाच मात्रांचं, ब्रुबेक चौकडीचं सगळ्यात गाजलेलं गाणं. मोरेलोंना पाच मात्रांत खेळायचा नाद होता, त्यातून पॉल डेझमंडनं ते रचलं. आपल्या झपतालाचे भाग दोन-तीन-दोन-तीन. इथे तीन-दोन, तीन-दोन. अर्धा झपताल उलटा करून अमेरिकेत विकलाय! मी टेबलावर हातानं धरून बघितला तर दुसऱ्याच आवर्तनाला टाळी चुकीच्या जागी पडली. तबल्याच्या जुन्या वर्गातल्या मित्राला फोन करून ऐकवला. तो म्हणाला, "पुन्हा लाव." मग म्हणाला, "अजून एकदा." मग बराच वेळ काही बोललाच नाही, पलीकडून नुसती मांडीवरची टाळी ऐकू येत होती.

आणि आता बसून घ्या. १९५८ मध्ये, म्हणजे 'टेक फाइव्ह'च्या आदल्या वर्षी, ही चौकडी अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर भारतात आली होती. मोरेलोंसकट! मुंबईत ब्रुबेक सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांना भेटले, त्यांच्याबरोबर बसून वाजवलं. मद्रासला मृदंगाचे पलानी सुब्रमण्यम पिळ्ळै यांची गाठ पडली, जे डावखुरे होते आणि डाव्या हाताच्या वादनासाठी दक्षिणेत आजही ज्यांचं नाव घेतात. परत गेल्यावर त्या प्रवासावर चौकडीनं जो अल्बम केला, त्यात 'कॅलकटा ब्लूज' नावाच्या चिजेत मोरेलो काठ्या बाजूला ठेवून बोटांनी ड्रम वाजवतात. मी असं म्हणत नाही की मुंबईनं 'टेक फाइव्ह' घडवलं. आमच्यात असं म्हणणारे आहेत, त्यांना विमानापासून प्लॅस्टिक सर्जरीपर्यंत सगळं आपल्याकडूनच गेलेलं हवं असतं. पण आपल्या तबल्या-मृदंगाला कान देऊन गेलेला एक जवळजवळ आंधळा माणूस हॅक्नीतल्या एका पोराच्या टीव्हीवर दिसतो, आणि ते पोर मोठं झाल्यावर मला मोहट्याची चाल परत ऐकवतं, हे कळल्यावर माणसानं गप्प कसं बसावं?

मेडनमध्ये त्या स्टुलावर निकोच्या आधी जो बसत होता त्याच्याबद्दल वाचताना मात्र मी पहिल्यांदा थांबलो. क्लाइव्ह बर. जन्म १९५७, पूर्व लंडनचा, डीप पर्पलच्या इयान पेसवर जीव टाकणारा. मेडनचे पहिले तीन अल्बम त्याचे, १९८२ चा 'द नंबर ऑफ द बीस्ट' धरून. 'रन टू द हिल्स'ची सुरुवात ऐका, ड्रम एकटाच चालत येतो, आणि तो चालत आलाय म्हणजे आता काहीतरी होणार हे अंगावर काटा येऊन कळतं. हा क्लाइव्ह बँडमधून बाहेर पडला, निको आत आला. विशेष म्हणजे क्लाइव्ह गेला तो निकोनं सोडलेल्या ट्रस्टमध्ये, जशा दोन शिक्षकांच्या आपसात बदल्या व्हाव्यात.

पुढे क्लाइव्हला मल्टिपल स्क्लेरोसिस झाला. शरीराचीच रोगप्रतिकारक यंत्रणा मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडत जाते, मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत पोचताना वाटेत गळतो. ज्याचं सगळं आयुष्य मेंदूचा निरोप चारही अवयवांना एकाच क्षणी पोचवण्यात गेलं, त्याला हा आजार. २००२ च्या मार्चमध्ये आयर्न मेडननं लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीत त्याच्यासाठी सलग तीन रात्री कार्यक्रम केले, पैसे उभे केले. ड्रमवर अर्थातच निको. म्हणजे एक ड्रमर दुसऱ्याच्या निकामी होत चाललेल्या हातापायांसाठी रात्रीमागून रात्र आपले हातपाय झिजवतोय. क्लाइव्ह १२ मार्च २०१३ ला झोपेत गेला, छप्पन्न वर्षांचा होता. मोरेलो गेले तीही तारीख १२ मार्चच, फक्त दोन वर्षं आधी. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण मी कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे.

आणि मग जानेवारी २०२३.

त्याआधी २०२० मध्ये निकोला स्वरयंत्राचा कर्करोग निघाला होता, पहिल्या टप्प्यातला, शस्त्रक्रियेनं गेला. तेवढ्यावर भागलं असतं. पण सत्तरीत असताना, फ्लोरिडातल्या घरी असताना, त्याला झटका आला. आपण ज्याला लकवा म्हणतो तो. मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटला आणि खांद्यापासून खाली सगळी उजवी बाजू गेली.

उजवी! उजव्या हाताच्या ड्रमरची उजवी बाजू म्हणजे काय, हे आता तुम्हाला सांगायला नको. उजवा हात सिंबलवर लय चालवतो. उजवा पाय बेस ड्रमवर. तो पाय. मेंदूत डावीकडे कुठेतरी मुगाच्या दाण्याएवढी गुठळी अडकली असेल, आणि साठ वर्षांचा हिशोब संपला असता.

ही बातमी वाचली त्या आठवड्यात मी गावी गेलो तो तात्यांकडे. तात्या गावचे संबळवाले, दोनेक वर्षांपूर्वी त्यांच्याही उजव्या अंगावरून वारं गेलं. फिजिओथेरपीवाल्या पोरीनं त्यांना दोरीवर कपड्यांचे चिमटे लावायला आणि काढायला सांगितलंय, तेवढंच करायचं, दिवसभर. ओसरीत दोरी बांधलेली. उजव्या हातानं चिमटा दाबायचा, तोंड उघडलं की दोरीवर चढवायचा, सोडायचा. दाबणं जमतं. सोडणं जमत नाही, बोटं उघडतच नाहीत. तात्या डाव्या हातानं उजव्याची बोटं एकेक करून उलगडतात आणि चिमट्यालाच शिव्या देतात. त्यांचा संबळ आढ्याला टांगलेला आहे. वाजवायच्या काठ्यांपैकी ती बाकदार काठी मात्र उशाशी असते.

मी त्यांना निकोची हकिगत सांगितली. दहा आठवड्यांच्या कसून केलेल्या उपचारांनी तो उभा राहिला. आपण साधारण सत्तर टक्के बरे झालो, असं त्यानंच नंतर सांगितलं. २८ मे २०२३ ला, झटक्याला पाच महिने होताहेत न होताहेत तोवर, स्लोव्हेनियातल्या लुब्लियानात मेडनचा दौरा सुरू झाला आणि निको स्टुलावर होता. आणि त्या रात्री त्यांनी काय वाजवलं? 'अलेक्झांडर द ग्रेट'! १९८६ च्या अल्बममधलं, सिकंदराच्या आयुष्यावरचं, आठ मिनिटांहून लांब गाणं, जे तोवर कधीच रंगमंचावर आलं नव्हतं. धडधाकट असताना जे केलं नाही ते अर्धं अंग सावरून आल्यावर. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, मी तर टाळ्याच वाजवल्या, स्वयंपाकघरात, एकट्यानं.

पण तात्यांना ही गोष्ट पटेना. गोष्टी सगळेच सांगतात. मग मी फोनवर 'द ट्रूपर' लावलं, आधी १९८३ चं मूळ, आणि मागोमाग या दौऱ्यातलं. काय शोधायचं ते सांगितलं नाही. तात्या डोळे मिटून ऐकत होते, डावा हात मांडीवर. दुसरं अर्ध्यावर आलं आणि त्यांनी हात वर केला.

"थांब. हितं मगाशी त्यानं लई दाणं टाकलं हुतं. आता हात आखडून घेतोय बग."

मी दोन्ही तुकडे पुन्हा लावले. बरोबर त्याच जागी! मूळ गाण्यात दोन ओळींच्या मधे निको हातांचा जो झरझर सडा टाकतो, तो आता नाही. तो ठोके गाळतो, साधी जागा भरतो आणि पुढे जातो. स्वतः निकोनं मुलाखतींत हे लपवलेलं नाही, ते जुने फिल, म्हणजे हे मधले सडे, आता उजव्या हातानं निघत नाहीत म्हणून आपण ते बदलले असं सरळ सांगितलंय. त्या मुलाखती इंग्रजीत. तात्यांना इंग्रजी येत नाही, हेवी मेटल हा शब्द त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि आढ्याखालच्या ओसरीत बसून त्यांनी तो नेमका ठोका पकडला.

"पर सम कुटं हुकली?" तात्या म्हणाले. "दाणं गेलं तर गेलं. चाल सोडली न्हाई त्यानं."

मला या सगळ्या प्रकरणात हेच सर्वांत मोठं वाटतं. एरवी अशा बातम्या 'आजारावर मात' या मथळ्याखाली येतात. मात कसली? तीस टक्के गेलेच होते. निकोनं गेलेलं गेलं असं धरून, काय ठेवायचं ते निवडलं, आणि निवडताना दिखाऊ ते टाकून चाल ठेवली. इतकी वर्षं तो एका पायानं काम करत आला, दुसरं पेडल सहज मिळत असताना. कमीत कसं भागवायचं याचा रियाज तर त्याचा आधीपासूनचाच. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मामा, तुम्ही फारच सिरियस झालात, तो माणूस स्टेजवर सारखा तोंडं वेडावतो." खरं आहे. पाहिलंय मी. फ्लोरिडात त्याचं स्वतःचं बार्बेक्यूचं हॉटेलही होतं, आणि बँडच्या 'फ्लाइट ६६६' या माहितीपटात कोस्टारिकात गोल्फचा चेंडू हातावर बसूनही हा बाबा रात्री वाजवायला हजर.

त्या माहितीपटानंच माझ्या जिवाला खरा चटका लावला. २००८ च्या त्या दौऱ्यात बँड खास भाड्यानं घेतलेल्या बोइंग ७५७ विमानानं फिरला, चालक कोण, तर गायक ब्रूस डिकिन्सन! आणि दौऱ्याचा पहिला कार्यक्रम कुठे? मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर, १ फेब्रुवारी २००८. माहितीपटातलं 'एसेस हाय' मुंबईचंच आहे, आपली पोरं आहेत ती समोर घामानं निथळणारी. आदल्या दिवशी, ३१ जानेवारीला, इथे अरणगावच्या मेहेराबादला मेहेरबाबांची अमरतिथी, म्हणजे पुण्यतिथी, होती. रॉकवाल्यांना नगर तसं अगदीच परकं नाही. 'द हू' बँडचा पीट टाउनशेंड बाबांचा भक्त, मेहेराबादला येऊन गेलेला, त्यांचं 'बाबा ओ'रायली' हे गाणं नावापासूनच बाबांचं. मी दरवर्षीप्रमाणे तेव्हाही मेहेराबादला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी अडीचशे किलोमीटरवर निको बसला होता, दोन्ही बाजूंनी धडधाकट, आणि मी नगरला दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर तपासत होतो.

आता तो दौऱ्यांवर नाही. ७ डिसेंबर २०२४ ला ब्राझीलमधल्या साओ पाउलोत शेवटचा कार्यक्रम केला, त्याच दिवशी जाहीर केलं. बेचाळीस वर्षं. जागेवर सायमन डॉसन आलाय. त्याचं अजून ऐकायचं आहे, भाची म्हणते घाई करू नका, आधी जुनं पचवा.

जुनं पचवतोच आहे. पण एक विनंती. अहमदनगर म्हणा, अहिल्यानगर म्हणा, जिल्ह्यातलं कोणी त्या रात्री वांद्र्याच्या मैदानावर होतं का? श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव, जामखेड, कुठलंही चालेल. कॉलेजात असाल तेव्हा, घरी खोटं सांगून गेला असाल, आता बँकेत किंवा साखर कारखान्यावर असाल. शाळेत येऊन भेटा. मधली सुट्टी अर्ध्या तासाची असते, पण तासाला बदली शिक्षक बघता येईल.